ऐंशी टक्क्यांचं बटर

फ्रिजमध्ये जागा करायची म्हणून मी ती बरणी बाहेर काढली, दुसरं काही कारण नव्हतं. गुरुवारची सकाळ होती. नव्या नमुन्यांचं खोकं टेबलावर येऊन पडलं होतं आणि मधल्या फळीवर मागच्या आठवड्यातल्या बरण्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. तपासून झालेला उरलासुरला नमुना महिनाभर ठेवायचा असा नियम आहे. मी एकेक बरणी काढून लेबल वाचत होते आणि खालच्या फळीवर सरकवत होते. ही एक उजेडात आली आणि मी घाबरून ती खिडकीशी नेली.

बरणीत दोन थर होते. वरचा पातळ, पिवळा, थोडा आरपार दिसणारा. खालचा फिकट, दुधाळ. नीट हलवून थंड केलेला नमुना असा कधीच दिसत नाही, तो वरपासून तळापर्यंत एकसारखा थिजतो. थर दिसले याचा अर्थ एकच. तापवताना तो जास्त तापला, त्यातलं फॅट आणि पाणी एकमेकांपासून सुटलं आणि मी वरचं, जास्त फॅटचं उचलून तपासलं. लेबल वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. अक्षर माझंच होतं.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. सांगते.

आमची प्रयोगशाळा कस्टम्सची. बंदरात उतरलेला माल कागदावर जे म्हणतो तेच आहे का, हे आम्ही तपासून सांगायचं. त्यात दुधाच्या फॅटचं प्रकरण फार नाजूक, कारण तिथं नाव चवीवर ठरत नाही की रंगावर ठरत नाही, आकड्यावर ठरतं. फॅट ऐंशी टक्के किंवा वर भरलं तर बटर. ऐंशीच्या आत असलं तर डेअरी स्प्रेड. एकोणऐंशी पॉइंट नऊला स्प्रेड आणि ऐंशी पॉइंट शून्यला बटर. खोक्यात तोच पिवळा ठोकळा, पण जकातीच्या पुस्तकात दोन वेगळ्या ओळी. स्प्रेड सरळ सुटतं. बटरला आधी परवानगी लागते, आणि ती न काढता बटर स्प्रेडच्या नावानं आणलं तर ती खोटी घोषणा होते. मालकाला दंड होतो तो वेगळा. ज्या एजंटनं कागदांवर सही केली, त्याचा धंद्याचा परवानाच जातो.

या मालाच्या कागदांवर सही टाचणीकाकांची होती. त्यांनी लिहिलं होतं स्प्रेड, अठ्ठ्याहत्तर टक्के. माझ्या अहवालात आकडा होता ऐंशी पॉइंट सहा.

टाचणीकाकांना हे नाव कुणी दिलं माहीत नाही, पण का दिलं हे त्यांचा कागद हातात घेतला की कळतं. सगळं जग स्टेपलर वापरतं आणि हे गृहस्थ अजून टाचणी लावतात. म्हणतात, स्टेपल काढताना कागद फाटतो, टाचणी काढली तर कागदाला कळतही नाही. बावीस वर्षं मी त्यांच्या टाचण्या बोटाला टोचून घेतेय. त्यांच्या कागदांत कधी एक खोटा शब्द सापडला नाही. आम्ही काही एजंटांचे नमुने जरा डोळ्यांत तेल घालून बघतो, काहींचे निवांत बघतो. काकांचे निवांत. आणि ते माझ्याबद्दल तसंच बोलायचे. माझा आकडा विरोधात गेला तरी म्हणायचे, "मॅडमनी सांगितलं ना? मग विषय संपला."

विषय संपला होता खरा. अहवाल मागच्या शुक्रवारी त्यांच्या हातात पडला होता. सोमवारी त्यांना नोटीस गेली होती, परवाना रद्द का करू नये याचा खुलासा करा म्हणून. सुनावणी येत्या मंगळवारी. हे मला कॉरिडॉरमधून कळलं होतं आणि कळल्यावर मी काय म्हणाले होते तेही मला आठवत होतं. "काकांनी या वयात असं करावं?" असं म्हणाले होते. चहा पिता पिता.

आता ती बरणी हातात धरून मी आदल्या आठवड्यातला गुरुवार आठवायला लागले.

फॅटचा नमुना तपासण्याआधी कोमट पाण्यात ठेवून मऊ करतात. पस्तीस डिग्री, त्याच्या वर नाही. मग तो दाट सायीसारखा होईपर्यंत हलवायचा आणि हलवत हलवतच थंड करायचा. पुस्तकात लिहिलंय, थर्मामीटर लावा. मी कधी लावत नाही. हाताची उलटी बाजू बरणीला टेकवायची. किंचित ऊब लागली, की झालं. माझ्या आधीच्या बाईंनी मला असंच शिकवलं आणि मी पुढच्या सगळ्यांना तसंच शिकवलं. आमच्याकडे दुसरी एक केमिस्ट आहे, माझ्याहून पाचसात वर्षांनी लहान. ती चहालासुद्धा थर्मामीटर लावेल अशी. तिचं नाव मीच थर्मामीटरबाई ठेवलं आणि तोंडावर तिची टरही उडवली. "अगं, हात कशाला दिलेत देवानं?"

त्या गुरुवारी माझ्या हाताला बरणी कोमट लागत नव्हती. मी तिला पाण्यात आणखी ठेवली. पुन्हा हात लावला. पुन्हा ठेवली. मला थंडी वाजत होती हेही आठवलं, आणि नवऱ्यानं सकाळी कपाळाला हात लावून म्हटलेलं आठवलं, "ताप आहे तुला. आज जाऊ नकोस."

तापलेल्या हाताला तापलेली बरणी गार लागणारच. एवढं साधं.

एकच नमुना दोन वाट्यांत विभागून तपासतात, त्या दोन्ही वाट्यांचे आकडेही मला आठवले. एकात ऐंशी पॉइंट चार, दुसऱ्यात ऐंशी पॉइंट आठ. एकाच नमुन्याच्या दोन वाट्यांत इतका फरक मला सहसा येत नाही. नियमात अर्ध्या टक्क्यापर्यंत चालतो म्हणून मी तो चालवून घेतला, सरासरी काढली आणि घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपले.

बरणी मी फ्रिजमध्ये ठेवली. पार मागे, दुसऱ्या बरण्यांच्या आड. हे मी का केलं, असं मला कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते कोण जाणे. मग दार उघडून ती पुन्हा पुढे ठेवली. मग पुन्हा मागे. थर्मामीटरबाई तिच्या टेबलावरून म्हणाली, "मॅडम, काही हरवलंय का?"

"तुझं लक्ष तुझ्या कामात ठेव," मी म्हणाले. बिचारीनं मान खाली घातली.

नियम असा आहे. अहवाल मिळाल्यापासून दहा दिवसांत एजंटनं लेखी मागणी केली, तर सील करून ठेवलेला दुसरा नमुना उघडतात आणि वेगळा केमिस्ट तो तपासतो. मागणी आली नाही तर पहिला आकडा कायम होतो आणि दुसरा नमुना फेकून देतात. दहावा दिवस होता सोमवार. सुनावणीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत. टाचणीकाकांनी मागणी केली नव्हती. ते कधीच करत नसत.

दुसराही एक रस्ता होता. मी स्वतः साहेबांना लिहून द्यायचं की माझी चूक झाली, अहवाल मागे घ्या. हा रस्ता मला पहिल्या मिनिटालाच दिसला होता आणि मी तो न दिसल्यासारखं केलं. बावीस वर्षांत माझा एकही अहवाल मागे आलेला नव्हता. फॅट विभागाचं प्रमुखपद त्याच महिन्यात ठरायचं होतं आणि ते माझं आहे असं सगळे धरून चालले होते, मी सगळ्यांत जास्त.

घरी गेले ते तोंड पाडूनच. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे त्याला कुठल्याही गोष्टीचा नकाशा काढायची सवय आहे. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हणजे दोन शक्यता. तू सांगितलंस तर तू अडकतेस. नाही सांगितलंस तर ते अडकतात."

"मला वर्गात बसवू नकोस."

"मी जाऊ नकोस म्हटलं होतं तुला."

"हे तू बोलणार, हे मला बसमध्येच माहीत होतं!" मी कडाडले.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना ऐकू कमी येतं, पण जे येऊ नये ते बरोबर येतं. "ताप बघायला थर्मामीटर आहे की घरात. ड्रॉवरमध्ये पडलाय. सूनबाई कधी काढतच नाही. नातीलाही आपली हातच लावून बघायची."

मी जेवलेच नाही त्या दिवशी. नवऱ्यानं माझं ताट झाकून ठेवलं आणि पुढे काही बोलला नाही. हे त्याचं मला एक बरं वाटतं. बोलायचं तेवढं चुकीचं बोलून झालं की गप्प बसतो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी टाचणीकाकांच्या ऑफिसला गेले. माझ्या डोक्यात एक योजना शिजत होती आणि ती मला फार हुशारीची वाटत होती. काकांना सांगायचं, फेरतपासणी मागा. का ते सांगायचं नाही. नमुना उघडेल, आकडा बदलेल, ते सुटतील. माझ्या आकड्याबद्दल कुणी विचारलंच तर म्हणता येईल, ठोकळ्याठोकळ्यात थोडाफार फरक असतो. साप मरेल आणि काठीही शाबूत राहील.

ऑफिस बंद होतं. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ते दोन दिवस आलेच नाहीत. घरात काहीतरी वाजलंय. ज्याचा माल अडकलाय ना, तो बेकरीवाला त्यांचा व्याही आहे. परवा काका त्यांच्या दारात जाऊन वाट्टेल ते बोलून आले म्हणे. मुलगी दिलीय त्या घरात, मॅडम! कसं व्हायचं तिचं?"

हे मला माहीत नव्हतं. मी जिन्यातच बसले. व्याह्याचा माल, म्हणजे संगनमताचा संशय दुप्पट. आणि काकांनी काय केलं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. एका बाजूला व्याही शपथा घेऊन सांगतोय की माल अठ्ठ्याहत्तरचा आहे, आणि दुसऱ्या बाजूला माझा कागद. काकांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला होता.

शनिवार-रविवार कसे गेले ते सांगत नाही. फोन वाजला की जीव वर यायचा. काकांचा घरचा नंबर माझ्याकडे होता. मी तो तीनदा फिरवला आणि तीनदा वाजण्याआधी बंद केला. रविवारी दुपारी कपाटं आवरायला काढली आणि नवऱ्याच्या चांगल्या शर्टावरून त्याच्याशी भांडले, भांडणाचा शर्टाशी काही संबंध नसताना.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दीड वाजता काकांच्या दारात हजर झाले. दार उघडं होतं.

ती खोली मी पहिल्यांदाच आतून बघत होते. एक टेबल, त्यावर काच, काचेखाली मुलीच्या लग्नातला फोटो. भिंतीला लागून फाइलींची मांडणी, वर्षावर्षाप्रमाणे. खाकी कव्हर घातलेलं जकातीचं पुस्तक, त्याच्या कडा हाताळून काळ्या झालेल्या. आणि एक छोटी कापडी गादी, टाचण्या खोचलेली. काका खोक्यात फाइली भरत होते.

"अरे, मॅडम! तुम्ही? या, बसा. चहा सांगतो."

"चहा नको. हे काय चाललंय?"

"आवरतोय. उद्या सुनावणी आहे. म्हटलं, त्यांनी काढून घेण्यापेक्षा आपणच परवाना परत करावा. सही तर माझीच आहे ना कागदावर. मी माल बघायला हवा होता, मी माणूस बघून सही केली."

इतक्या शांतपणे बोलले की माझ्याच्यानं बसवेना.

"काका, फेरतपासणीचा अर्ज करा," मी म्हणाले. "आज शेवटचा दिवस आहे. पाचपर्यंत."

ते हसले. "मी? तुमच्या आकड्यावर? छे हो. बावीस वर्षांत कधी केला नाही, आता जाता जाता करू?"

"नियमात तरतूद आहे. करायला काय हरकत आहे?"

"तरतूद शंका असणाऱ्यासाठी आहे. मला शंका नाही."

"तरीसुद्धा करा ना. माझ्यासाठी करा."

काकांनी हातातली फाइल खाली ठेवली. चष्मा काढला. माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, आता हे विचारणार. विचारलंच त्यांनी.

"मॅडम, तुमचा आकडा चुकलाय का?"

मी काचेखालच्या फोटोकडे बघितलं.

"चुकला असेल तर तुम्ही सांगा. माझ्या तोंडून का वदवून घेताय?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही चढवला असता, भांडण जमतं मला. मी खुर्चीच्या कडेवर टेकले आणि सगळं सांगितलं. ताप, हात, दोन थर, बरणी मागे लपवली तेही. योजनेचंही सांगितलं. बोलताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला माझाच संताप येत होता, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

काका बराच वेळ टाचण्यांशी खेळत बसले. गादीतून एक काढायची, दुसरीकडे खोचायची.

"ताप होता तर घरी का राहिला नाहीत?" अखेर त्यांनी विचारलं.

"माझ्याशिवाय काम अडेल असं वाटलं."

"हं."

मग म्हणाले, "मी माझ्या व्याह्यांना चोर म्हणालो. त्यांच्या धाकट्या भावासमोर. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, बाबा, तुम्ही यांचं ऐकून तरी घ्या. मी म्हटलं, तुला काय कळतं, आकडा मॅडमचा आहे."

मला माफी मागायची होती.

त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि अर्ज लिहिला. तीन ओळींचा. मी कारणाच्या रकान्याकडे बघत होते. तिथे त्यांनी लिहिलं, "निष्कर्ष मान्य नाही." माझ्यावर एक शब्द नाही. मग सोबत मूळ अहवालाची प्रत ठेवली, गादीतून टाचणी काढली, लावली.

"चला," मी म्हणाले, "माझ्याबरोबरच या, उशीर नको."

"तुम्ही व्हा पुढं. मी माझा येतो."

रस्ताभर मी मागे वळून बघत होते, की हे येतायत ना. येत होते. पन्नास पावलं अंतर ठेवून.

साडेतीनला अर्ज खिडकीत पडला. पावणेचारला मी साहेबांच्या केबिनमध्ये होते. साहेबांना बातमी आधीच पोचली होती. मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा. मला काही सांगू नका. फेरतपासणी होणारच आहे. आकडा बदलला तर मालात फरक होता असं लिहू. आकडा तोच आला तर प्रश्नच मिटला. तुम्ही कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय? महिनाअखेरीला बढतीची यादी जायचीय वर."

म्हणजे माझीच योजना माझ्यासमोर बसून बोलत होती, केबिनमध्ये, पंख्याखाली. आणि ऐकायला ती फार शहाणपणाची वाटत होती, हेच भीतीदायक होतं. मालात फरक, असं लिहिलं तर काका सुटले असते, पण व्याह्यांच्या मालावर शिंतोडा राहिलाच असता. पुढच्या प्रत्येक खेपेला त्यांची खोकी फोडली गेली असती. मी चुकीच्या कबुलीचा कागद लिहूनच नेला होता, खिडकीबाहेरच्या बाकावर बसून, मांडीवर पर्स ठेवून. अक्षर वेडंवाकडं आलं होतं. तो टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

दुसरा नमुना थर्मामीटरबाईकडे गेला. सील तुटल्याचा आवाज मला माझ्या टेबलावर ऐकू आला. तिनं पाण्यात थर्मामीटर सोडला, बरणीत दुसरा. घड्याळ लावलं. मी समोर वही उघडून बसले होते आणि वहीतलं एक अक्षर मला दिसत नव्हतं.

आता जे सांगते ते कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या वाट्या तापत असताना माझ्या मनात आलं, ऐंशीच येऊ दे. ऐंशीच्या वर येऊ दे. म्हणजे माझा हात चुकला नव्हता, ते थर नंतर कसेतरी झाले, आणि मी उगाच घाबरले. एवढी हौस वाटली मला त्या आकड्याची. आणि मग कळलं की मी एका माणसाचं वाटोळं मागतेय, आणि मुकाट्यानं उठून बेसिनवर तोंड धुवून आले.

थर्मामीटरबाई माझ्या टेबलाशी आली तेव्हा सव्वासहा झाले होते. तिच्या हातात चिठ्ठी होती. "दोन्ही वाट्या, मॅडम," ती म्हणाली. अठ्ठ्याहत्तर पॉइंट तीन. अठ्ठ्याहत्तर पॉइंट तीन.

मी मान हलवली. ती एक अक्षर जास्त बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर बोलले असते. त्या गुरुवारी तिच्यावर ओरडले होते त्याची माफी मी तेव्हाच मागितली, आणि नावाचीही.

"नाव राहू द्या हो," ती म्हणाली. "मला आवडतं."

मंगळवारची सुनावणी पाच मिनिटांत संपली. नोटीस मागे घेतली गेली. माल स्प्रेड म्हणून सुटला. मला मेमो मिळाला आणि फॅट विभाग थर्मामीटरबाईकडे गेला. मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. सासूबाईंनी दारातून विचारलं, "आता काय झालं?" नवऱ्यानं सांगितलं, "काही नाही, पहिली शक्यता." मला रडता रडता हसू आलं आणि मी त्याला उशी फेकून मारली.

काकांच्या मुलीचं पुढे काय झालं ते मी कॉरिडॉरमध्ये विचारलं नाही. झेरॉक्सवाल्यानं आपण होऊन सांगितलं, की काका बेकरीत गेले होते, दुकान भरलेलं असताना, आणि गिऱ्हाइकांसमोर व्याह्यांची माफी मागून आले. ज्या आवाजात चोर म्हणाले होते त्याच आवाजात.

दीड महिन्यानं टाचणीकाका आमच्या खिडकीशी आले. मी नमुने उतरवून घेत होते. त्याच बेकरीचा माल, तेच स्प्रेड. आधी आले की ते दोन मिनिटं टेकायचे, माझ्या मुलीचं विचारायचे, माझ्या टेबलावरचा पेपर उलटा वाचायचे. आज उभेच राहिले.

"कसे आहात काका?"

"मजेत."

मी कागद घेतले. वर नमुन्याचं पत्र, खाली बिल, खाली मालाची यादी. टाचणी काढताना बोटाला अजून एक कागद जास्तीचा लागला. काढून बघितलं. फेरतपासणीचा अर्ज होता. पूर्ण भरलेला, सही केलेला. फक्त तारीख कोरी.

"हा आत्ताच कशाला?" मी विचारलं. "अजून तपासणी व्हायचीय."

"आता प्रत्येक वेळी लावणार, मॅडम. कोणाकडेही माल गेला तरी." ते जरा थांबले. "तुमच्यावर राग नाही माझा. खरंच नाही. तुम्ही येऊन सांगितलंत, दुसरं कुणी सांगितलं नसतं. पण आता मागायचं ठरवलंय."

बरोबर होतं. मीच जाऊन त्यांना सांगितलं होतं, मागा म्हणून. आधीच मागायला हवं होतं त्यांनी, बावीस वर्षं. तरी मला तो कागद हातात धरवेना.

"ठीक आहे," मी म्हणाले, आणि शिक्का मारला.

काका निघाले. दाराशी वळले. "तब्येत बरी आहे ना आज?"

हे ते नेहमीच विचारायचे. बावीस वर्षांत शंभरदा विचारलं असेल, आणि मी शंभरदा म्हटलं असेल, आमच्या तब्येतीला काय धाड भरलीय. आज ते उत्तरासाठी थांबले होते.

"बरी आहे," मी म्हणाले. "सकाळी थर्मामीटर लावून बघितलं."

त्यांनी मान हलवली. अर्ज मात्र परत घेतला नाही.